‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आलेला रिपोर्ट: माझ्या जनुकीय तपासणीचे नऊ महिने

९ जानेवारीला रक्ताचा रिपोर्ट आला. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हणतात त्या कोलेस्टेरॉलच्या ओळीत २५८ हा आकडा होता, आणि शेजारी मर्यादा म्हणून १३० छापलं होतं. माझं वय ३८, वजन बेताचं, रोजचं चालणं चुकत नाही, दुखणं काही नाही. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत सगळ्यांनी रक्त दिलं म्हणून मीही दिलं होतं.

माझे बाबा ४६व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. आजोबाही पन्नाशीच्या आसपासच, झोपेत. घरात यावर एकच वाक्य बोललं जायचं: ‘आपल्याकडची पुरुषमाणसं हृदयाची कच्ची.’ त्यात बायकांचा उल्लेख नसायचा, त्यामुळे या गोष्टीचा माझ्याशी काही संबंध असेल असं मला कधी वाटलंच नाही. पुढच्या नऊ महिन्यांत हे वाक्य किती चुकीचं होतं ते कळत गेलं. ते कळताना ज्या ज्या ठिकाणी मी अडखळले, ते सगळं इथे लिहून ठेवते आहे. तुमच्या घरात कुणी या वाटेवर असेल तर उपयोग होईल.

डॉक्टरांनी लगेच निष्कर्ष काढला नाही. थायरॉइड मंदावलं असेल किंवा मूत्रपिंडातून प्रथिनं जात असतील तरी एलडीएल वाढतं, म्हणून आधी त्या तपासण्या आणि लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी, पुन्हा. २७ जानेवारीला दुसरा रिपोर्ट आला: थायरॉइड ठीक, लघवी ठीक, एलडीएल २६२.

३ फेब्रुवारीला त्यांनी मला खुर्चीवर गुडघे टेकून पाठमोरं बसायला सांगितलं. पावलं खाली लोंबती ठेवून त्यांनी टाचेमागची जाड शीर, म्हणजे घोट्याच्या मागे दोरीसारखी लागते ती कंडरा, चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत चाचपली. ‘तुमची गुळगुळीत आहे. वडिलांची कशी होती?’ असं त्यांनी विचारलं आणि मला एकदम बाबा आठवले. नवे बूट आणले की बाबा त्यांची मागची कड हातोडीने ठोकून ठोकून मऊ करायचे. टाचेवर घट्टे आहेत, बूट चावतो, असं म्हणायचे. ते घट्टे नसावेत. रक्तातलं कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षं जास्त राहिलं की ते अशा कंडरांमध्ये साठून त्या जाड आणि गाठाळ होतात. घरातल्या प्रत्येकाने ती टाच पाहिली होती. तिचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता.

घराण्यातून येणाऱ्या चढ्या कोलेस्टेरॉलच्या या आजाराला फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरॉलेमिया म्हणतात. डॉक्टर त्याला नुसतं ‘एफएच’ म्हणायचे. साधारण २५० माणसांमागे एकाला तो असतो, म्हणजे दुर्मीळ मुळीच नाही. निदानासाठी गुण मोजायची डच पद्धत आहे. माझ्या एलडीएलच्या आकड्याला ५ गुण आणि वडिलांना ५५च्या आत हृदयविकार झाला त्याचा १, असे ६ झाले. ६ ते ८ म्हणजे ‘बहुधा आहे’. ८च्या वर गेलं की ‘नक्की’. बाबांच्या टाचेची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती, त्यामुळे ती धरली नाही. जनुकीय तपासणीत दोष सापडला तर एकदम ८ गुण मिळतात, म्हणून ती तपासणी.

कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी मात्र त्यांनी त्याच दिवशी सुरू केली. मी म्हटलं, जनुकाचा रिपोर्ट येऊ दे की आधी. त्यावर ते म्हणाले, ‘उपचार आकड्यावर ठरतो, रिपोर्टवर नाही. रिपोर्ट तुमच्या घरच्यांसाठी जास्त लागणार आहे.’ बायकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी: स्टॅटिन सुरू करण्याआधी गरोदरपणाचा विचार आहे का, हे त्यांनी नीट विचारलं. तसा बेत असेल तर औषधाचं वेळापत्रक बदलतं, त्यामुळे कुणी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगावं.

जनुकीय समुपदेशनाची तारीख मिळाली १९ फेब्रुवारीची. तिथे जाताना तीन पिढ्यांची माहिती आणा असं सांगितलं होतं, आणि खरं काम तिथे सुरू झालं. बाबांच्या मृत्यूच्या दाखल्यावर नुसतंच ‘हृदयक्रिया बंद पडून’ असं लिहिलेलं. ते तर कुणाच्याही दाखल्यावर लिहिता येईल. खरं काही सापडलं ते आईने जपून ठेवलेल्या एका जुन्या पिशवीत: दवाखान्यातून घरी सोडल्याचा कागद. त्यावर पहिला अटॅक ४३व्या वर्षी आल्याची नोंद होती. आम्ही सगळे मृत्यूचं वय लक्षात ठेवून बसलो होतो, समुपदेशकांना मात्र आजार पहिल्यांदा कधी दिसला ते वय हवं असतं. कुणी आधीपासून गोळ्या घेत असेल तर गोळ्या सुरू होण्यापूर्वीचा जुना रिपोर्ट शोधा. औषधाखालचा आकडा बघून माणूस निरोगी वाटतो. आणि आईकडची बाजूही लिहून न्या, कितीही खात्री असली तरी.

समुपदेशक बाईंनी पांढऱ्या कागदावर चौकोन आणि वर्तुळं काढत आमची वंशावळ मांडली. पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, गेलेल्या माणसावर तिरपी रेघ, आजार असलेल्याचा आकार काळा. बाबांच्या चौकोनावर त्यांनी रेघ मारली तेव्हा गळा दाटून आला. बावीस वर्षांनी कुणीतरी त्यांच्याबद्दल इतक्या बारकाईने विचारत होतं.

मग त्यांनी जनुकांचं सांगितलं. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडणारे रिसेप्टर असतात. ते रक्तातला एलडीएलचा कण धरतात, आत नेतात, सोडतात आणि पुन्हा पृष्ठभागावर येतात. हे काम ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोघांनी उलगडलं, त्यासाठी त्यांना १९८५चं नोबेल मिळालं. हा रिसेप्टर बनवायची कृती एलडीएलआर नावाच्या जनुकात असते, आणि प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक प्रत बिघडलेली असेल तर कामाचे रिसेप्टर साधारण निम्मेच बनतात. ‘धक्क्यावर माल उतरवणारे निम्मेच हमाल आले तर काय होईल? माल तेवढाच, पण गाड्या रस्त्यात उभ्या.’ रक्तात एलडीएल तसं उभं राहतं, आणि तेही जन्मल्या दिवसापासून. म्हणून खाणंपिणं सांभाळूनही माझा आकडा खाली येत नव्हता. मुलगा असो की मुलगी, बिघडलेली प्रत मिळण्याची शक्यता प्रत्येक वेळी ५० टक्के. पुरुषमाणसं कच्ची हे आमचं घरगुती शास्त्र तिथेच संपलं. बायकांना त्रास साधारणपणे उशिरा दिसतो, एवढंच.

‘म्यूटेशन’ हा शब्द मी दोनतीनदा वापरला. त्यांनी दरवेळी हळूच ‘व्हेरिअंट’ म्हटलं. कारण नंतर समजलं. माणसाच्या जनुकसंचात जवळपास ३ अब्ज अक्षरं आहेत, आणि कुणाही दोघांची ती तंतोतंत सारखी नसतात. संदर्भासाठी ठरवलेल्या जनुकसंचाशी ताडून पाहिलं तर प्रत्येक माणसात ४० ते ५० लाख ठिकाणी फरक, म्हणजेच व्हेरिअंट, निघतो. त्यातले बहुतेक काहीच करत नाहीत. फरक सापडला म्हणजे दोष सापडला असं होत नाही, आणि हे वाक्य मला पुढे फार कामाला आलं.

संमतीपत्र सात पानांचं होतं. घाईत सही करू नका. प्रयोगशाळा सगळी प्रथिनं बनवणारी जनुकं वाचणार होती, पण रिपोर्ट चारच जनुकांचा देणार होती: एलडीएलआर, एपीओबी, पीसीएसके९ आणि एलडीएलआरएपी१. वाचताना दुसऱ्याच एखाद्या आजाराचं काही दिसलं तर कळवायचं का, असा एक रकाना होता. मी तो फॉर्म घरी आणला आणि दोन रात्री विचार करून ‘हो’ लिहिलं. उरलेला नमुना संशोधनाला वापरू द्यायचा का, माहिती किती वर्षं ठेवणार, पुढे व्हेरिअंटचा अर्थ बदलला तर कोण कळवणार, हे तिन्ही प्रश्न विचारून उत्तरं फॉर्मवरच लिहून घ्या. विम्याचंही आधी बघा. कायदा जागोजागी वेगळा असतो. अमेरिकेत जनुकीय माहितीवरून भेदभाव रोखणाऱ्या २००८च्या ‘जिना’ कायद्याने आरोग्य विमा आणि नोकरी यांत संरक्षण दिलं, पण जीवन विमा त्यात येत नाही. खर्चात समुपदेशनाच्या दोन भेटी धरल्या आहेत की वेगळ्या, आणि नातलगांची तपासणी लागली तर तिचे पैसे किती, हेही आधी विचारावं. आमच्या प्रयोगशाळेत घरच्यांची पुढची तपासणी विनामूल्य होती, आणि हे मी विचारलं म्हणून कळलं.

२६ फेब्रुवारीला रक्त दिलं. जांभळ्या झाकणाची एक छोटी नळी, उपाशीपोटी जायची गरज नाही. ८ मार्चला फोन आला: फॉर्मवर माझं लग्नानंतरचं नाव आणि नळीवर माहेरचं, त्यामुळे नमुना बाद. १० मार्चला पुन्हा दिलं. बारा दिवस गेले. नळीवर चिकटवलेलं लेबल रक्त काढणाऱ्यासमोर स्वतः वाचा, एवढंच सांगते.

चार ते सहा आठवडे सांगितले होते, सात लागले. त्या काळात मी वाचत बसायचे. पीसीएसके९ जनुकाची गोष्ट मला फार आवडली. हे जनुक जे प्रथिन बनवतं ते रिसेप्टर मोडीत काढतं. २००३मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत असे व्हेरिअंट सापडले की ज्यांनी हे प्रथिन जास्त जोमाने काम करतं, आणि कोलेस्टेरॉल चढतं. पुढच्या दोनतीन वर्षांत अमेरिकेत डॅलसच्या संशोधकांना नेमकी उलटी माणसं सापडली: त्यांचं पीसीएसके९ निकामी, एलडीएल जन्मापासून कमी, हृदयविकारही कमी. त्याच निरीक्षणावरून औषधं तयार झाली आणि २०१५मध्ये ती वापरात आली. कुणाच्या तरी अंगातला जनुकाचा बिघाड दुसऱ्या कुणाचं औषध झाला. त्या आठवड्यांत मला या गोष्टीचा मोठा आधार वाटला.

रिपोर्ट २९ एप्रिलला रात्री ईमेलवर आला, समुपदेशनाची तारीख मात्र ६ मेची. मी तो एकटीने उघडला. ही चूक करू नका. निकाल भेटीतच सांगा, तोवर पाठवू नका, असं आधी सांगून ठेवता येतं. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: एलडीएलआर जनुकात एका प्रतीत एका अक्षराचा बदल, त्यामुळे प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदललेलं. वर्गीकरण: अर्थ अनिश्चित.

हे वाचून काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. ‘आहे’ किंवा ‘नाही’ यांपैकी एकाची तयारी केली होती. त्या आठवड्यात मी इंटरनेटवर तो व्हेरिअंट शोधत राहिले, आणि हाती फक्त पहाटेचे तीन लागायचे.

६ मेला बाईंनी शांतपणे समजावलं. २०१५पासून बहुतेक प्रयोगशाळा व्हेरिअंट पाच पायऱ्यांत बसवतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. ‘बहुधा’ म्हणायलाही ९० टक्क्यांवर खात्री लागते. माझा व्हेरिअंट रोगकारक असावा याच्या बाजूने काही पुरावे होते: हा बदल सर्वसाधारण लोकांच्या मोठ्या यादीत कुणातच नव्हता, संगणकाच्या अंदाजाप्रमाणे तो प्रथिनाला बाधक होता, आणि मला आजाराची लक्षणं होती. तरी एवढ्यावर भागत नाही. आमच्यासारखं दुसरं घर आजवर कुणी नोंदवलेलं नव्हतं. ‘अनिश्चित म्हणजे अर्धं आजारी असं समजू नका. पुरावा अपुरा आहे, एवढाच त्याचा अर्थ. या रिपोर्टवरून कुणालाही गोळी सुरू करायची नाही आणि कुणाचीही बंद करायची नाही.’ मग त्यांनी ती वंशावळ पुन्हा पुढे ओढली. ‘पुरावा तुमच्या घरातच असेल.’

कल्पना सोपी होती. घरात ज्यांचं एलडीएल चढलेलं आहे त्यांच्यात हा व्हेरिअंट सापडला, आणि ज्यांचं नाही त्यांच्यात नाही सापडला, तर पारडं झुकतं. जितकी माणसं जास्त तितकं वजन जास्त. यादी झाली पाच जणांची: आत्या, काका, आत्याचा मुलगा, आत्याची मुलगी आणि माझा भाऊ. प्रत्येकाचं लिपिड प्रोफाइल आणि त्या एकाच अक्षराची तपासणी. अशी तपासणी संपूर्ण वाचनापेक्षा कितीतरी सोपी असते.

माणसं गोळा करायला सहा आठवडे गेले. काकांची बायपास झालेली. ते म्हणाले, ‘या वयात आता कळून काय करायचंय?’ मी म्हटलं, ‘काका, तुमच्यासाठी नाही मागत. तुमच्या रक्तातला पुरावा आम्हा मागच्यांना हवाय.’ ते बराच वेळ काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, कुठे यायचं म्हणून. आत्या लगेच तयार झाली. तिच्याकडे गेले तेव्हा मी तिला पाय पुढे करायला लावले. टाचेमागची शीर अंगठ्याएवढी जाड, दोन्ही कडांना गाठी, त्वचा मात्र साधी. दाबलं तर दगडासारखी लागायची. ‘अगं, ते चपलांमुळे झालंय,’ ती म्हणाली. बाबांचंच वाक्य. तिचं एलडीएल निघालं २८९, आणि आजवर ते कुणी तपासलंच नव्हतं.

शेवटचा नमुना २१ जूनला गेला. ११ ऑगस्टला निकाल आला. आत्या, काका आणि आत्याचा मुलगा, तिघांचं एलडीएल चढलेलं, तिघांत तो व्हेरिअंट. माझा भाऊ आणि आत्याची मुलगी, दोघांचा आकडा साधा, दोघांत व्हेरिअंट नाही. माझा रिपोर्ट नव्याने छापून आला: बहुधा रोगकारक. एखाद्या आजाराचं नाव पक्कं झालं म्हणून हलकं वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं, पण वाटलं. भाऊ मात्र दोन दिवस गप्प होता. मोठा असून मीच कसा सुटलो, हे त्याला सहन होत नव्हतं. आणि आत्याने फोनवर विचारलं, ‘मीच दिलं का गं पोराला हे?’ मी तिला सांगितलं, की दोन प्रतींतली कुठली जायची हे तिच्या हातात नव्हतं, आजोबांच्याही नव्हतं. आणि तिच्या पोराचं निदान ३४व्या वर्षी झालं ते तिने रक्त दिलं म्हणून. बाबांना ती संधी मिळाली नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. प्रत्येक घरात असं एकच अक्षर सापडत नाही. आमचं एका जनुकाचं प्रकरण होतं, म्हणून वंशावळीवर बोट ठेवता आलं. बहुतेक गुण तसे नसतात. उंचीच घ्या: २०२२मध्ये सुमारे ५४ लाख माणसांच्या अभ्यासात उंचीशी जोडलेले १२ हजारांवर व्हेरिअंट निघाले, प्रत्येकाचा वाटा अगदी कणभर. कोलेस्टेरॉलही कित्येकांचं असंच अनेक छोट्या व्हेरिअंटच्या बेरजेने चढतं, आणि मग जनुकीय रिपोर्ट कोरा येतो. रिपोर्ट कोरा आला म्हणून आकडा खोटा ठरत नाही. उपचार तेव्हाही लागतोच.

माझा आकडा गोळीने १३४वर आला होता. मे महिन्यात इझेटिमाइब ही दुसरी गोळी जोडल्यावर १०२. डॉक्टरांना आणखी खाली हवाय.

आता मुलीचं. ती नऊ वर्षांची आहे. तिचं साधं लिपिड प्रोफाइल मार्चमध्येच केलं होतं, एलडीएल १८१. आकडा पुरेसा बोलका होता, तरी जनुकाची तपासणी माझा रिपोर्ट पक्का होईपर्यंत थांबवली, कारण अर्थच माहीत नसलेली गोष्ट मुलात शोधून काही साधलं नसतं. लहान मुलांची जनुकीय तपासणी करावी का, यावर मी बराच विचार केला. मोठेपणी होणाऱ्या आणि उपचार नसलेल्या आजारांसाठी, जसं हंटिंग्टन, मुलांची तपासणी करत नाहीत. तो निर्णय त्यांनी मोठं होऊन घ्यायचा असतो. एफएचचं तसं नाही. इथे उपचार आहे, आणि तो साधारण ८ ते १० वर्षांपासून सुरू करता येतो. २० ऑगस्टला तिच्या गालाच्या आतून फिरवलेला बोळा गेला, १२ सप्टेंबरला निकाल आला. व्हेरिअंट आहे.

तिला मी धक्क्यावरच्या हमालांची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, ‘मग गोळी काय करते, नवे हमाल आणते?’ स्टॅटिन नेमकं तेच करतं: यकृताच्या पेशीला आतल्या आत पुरेसं कोलेस्टेरॉल बनवता येईनासं होतं, म्हणून ती चांगल्या प्रतीकडून जास्त रिसेप्टर बनवून घेते. हो म्हटलं. मग तिने आजोबांच्या फोटोतल्या बुटांकडे बोट दाखवून विचारलं, ‘त्यांना का नाही आणले कुणी?’ त्यावर मी काही बोलू शकले नाही. तिला जवळ घेतलं.

आता उरलंय नातलगांना कळवणं. समुपदेशक बाईंनी पत्राचा मसुदा दिला. त्यात जनुकाचं नाव, व्हेरिअंटची पूर्ण नोंद, प्रयोगशाळेचा रिपोर्ट क्रमांक आणि ‘आधी साधं लिपिड प्रोफाइल करा’ एवढंच आहे. कुणाला काय निघालं हे त्यात नाही, ते ज्याचं त्याने सांगायचं. व्हेरिअंटची नोंद हाताने उतरवू नका, रिपोर्टची प्रत जोडा. एक अक्षर चुकलं तर दुसरी प्रयोगशाळा भलतीच जागा तपासेल. २० सप्टेंबरला अकरा जणांना पत्रं गेली. सहा जणांनी रक्त दिलं, दोघांनी ‘बघू’ म्हटलं, तिघांकडून अजून काही नाही. त्यातल्या एका चुलतभावाला मी काल पुन्हा फोन केला. त्याचं वय ४२ आहे. तो म्हणाला, ‘ताई, सोमवारी जातो.’ सोमवारी सकाळी मी त्याला पुन्हा फोन करणार आहे.